पान सत्तावन्नला हरकत

मी लहान मुलांसाठी एक रहस्यकथा लिहिली आणि ती बालवाचन मान्यता मंडळाकडे रीतसर सादर केली, इथून या प्रकरणाला सुरुवात होते. पुस्तकाचं नाव 'शाळेची घंटा कोणी नेली?' पानं शहाण्णव, चित्रं अठरा, शेवट एकवीस.

एकवीस शेवट म्हटल्यावर तुमच्याही भुवया वर गेल्या असतील. मंडळाच्या तर गेल्याच, आणि त्या अजून खाली आलेल्या नाहीत. प्रकार साधा आहे. या पुस्तकात गुप्तहेर म्हणजे वाचणारं मूल. दर दोन-तीन पानांनी त्याने ठरवायचं की पुढे काय करायचं. गोदामात शिरायचं असेल तर पान तेवीसवर जा. सुताराला जाब विचारायचा असेल तर पान सत्तावन्नवर जा. घरी जाऊन झोपायचं असेल तर पान नव्वदवर जा. एकवीसपैकी एकाच शेवटात घंटा सापडते. बाकीच्या वीस शेवटांत गुप्तहेर पाण्याच्या टाकीत पडतो, शीतगृहात कोंडला जातो, नाहीतर झोपून उठतो तेव्हा वर्तमानपत्रात दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो आलेला असतो.

हे मी हौसेखातर लिहिलं नाही. आमच्या मुलीला घरात सगळे भुंगा म्हणतात, कारण एक प्रश्न धरला की ती तो पोखरून दुसऱ्या बाजूने बाहेर येते. म्हणजे यायची. गेल्या वर्षी, दहाव्या वर्षी, ती एकाएकी गप्प झाली. वर्गात काहीतरी चुकीचं उत्तर दिलं, पोरं हसली, आणि बाई म्हणाल्या, "जरा विचार करून बोलावं." तेव्हापासून भुंगा विचारच करत बसली. हात वर करायचा नाही, तोंड उघडायचं नाही. आंघोळीला गरम पाणी हवं की कोमट असं विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "तुम्ही सांगाल ते." शेजारीपाजारी म्हणायचे, किती शहाणी मुलगी आहे हो तुमची! मला मात्र त्या शहाणपणाची भीती वाटायची.

म्हणून मी दोनशे पानी वहीत घंटेची गोष्ट लिहिली आणि तिच्या हातात दिली. चार मिनिटांत ती टाकीत पडली. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अगं, मागे जा की! दुसरं काहीतरी करून बघ." ती मागे गेली आणि शीतगृहात कोंडली गेली. तिथे ती पहिल्यांदा हसली. मग तिने एक युक्ती काढली. जिथे जिथे निवड करायची तिथे एकेक बोट घालून ठेवायचं, म्हणजे फसलं की लगेच परतता येतं. अर्ध्या तासाने तिची पाचही बोटं पाच पानांत अडकली होती आणि ती हनुवटीने पानं उलटत होती. एकूण एकोणीस वेळा ती हरली. तिला सगळ्यात जास्त आवडलं पान सत्तावन्न. तिथे गुप्तहेर सुतारावर चोरीचा आळ घेतो, आणि सुतार बिचारा निर्दोष असतो. तो चिडत नाही. स्टूल पुढे सरकवतो आणि म्हणतो, "चुकलास ना? बस. आता सांग, माझा संशय आला कशावरून?" त्या बोलण्यातून खरा पहिला धागा हाती लागतो. थोडक्यात, आधी सुताराच्या बाबतीत चुकल्याशिवाय घंटा सापडतच नाही.

पंधरा दिवसांनी ती शाळेतून उड्या मारत आली. म्हणाली, "बाबा, आज मी हात वर केला. चुकलं माझं. पण बरंच जवळ होतं!" त्याच दिवशी मी तिला वचन दिलं की हे पुस्तक छापायचं, आणि एकही चुकीचा शेवट गाळायचा नाही.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ!" मी म्हणालो, आणि हस्तलिखित बगलेत मारून प्रकाशकाकडे गेलो.

प्रकाशक सज्जन माणूस. त्याने वही वाचली, दोनदा टाकीत पडला, खूश झाला. मग म्हणाला, "छापतो. फक्त मंडळाचा शिक्का आणा. शिक्का नसेल तर एकही शाळा पुस्तक कपाटात ठेवत नाही, आणि शाळेच्या कपाटात नसलेलं पुस्तक मुलांना दिसत नाही. तेवढी औपचारिकता आहे."

औपचारिकता या शब्दाने आजवर जितकी माणसं खाल्ली असतील तितकी कुठल्याच रोगाने खाल्ली नसतील. मी अर्ज भरला.

मंडळाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. बाहेर लाकडी बाक, आत लांबलचक टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर काच, काचेखाली मंडळाच्या पूर्वीच्या अध्यक्षांचे फोटो. अडीच महिन्यांनी मला तिथे बोलावणं आलं. समोर अध्यक्ष आणि त्यांच्या डाव्या हाताला सदस्य-सचिव बाई. अध्यक्ष गोल, प्रसन्न, कुणालाही 'असं पहा' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू न करणारे. सचिवबाई सडसडीत, आणि नियम तोंडपाठ.

सचिवबाईंनी अहवाल वाचायला घेतला. "हरकत क्रमांक एक. पान चौदावर नायक टाकीत पडून कायमचा नाहीसा होतो. पान पंधरावर तो बिस्किट खात आहे. हरकत क्रमांक दोन. पान सोळावर घंटा सापडते. पान सतरावर घंटेचा शोध सुरू आहे. हरकत क्रमांक तीन. पान एकोणीसवर सुताराची माफी मागितली जाते. त्याला दोष पान सत्तावन्नवर दिला जातो. माफी आधी आणि आरोप नंतर, हा क्रम अनाकलनीय आहे." अशा अडतीस हरकती होत्या.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "तुम्ही," मी विचारलं, "हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचलंत?"

"अर्थात! नियम सात-ब. परीक्षकाने प्रत्येक पान क्रमाने वाचून खाली सही करायची. आधीच्या पानावर सही झाल्याखेरीज पुढचं पान उघडायचं नाही."

"अहो, पण हे पुस्तक ओळीने वाचायचंच नसतं!"

"मग पानांना क्रमांक कशाला दिलेत?" सचिवबाई म्हणाल्या. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून परत गेलं.

अध्यक्ष मात्र समजूतदार निघाले. "असं पहा, आपण एकदा लेखक म्हणतात तसं वाचून बघू," असं म्हणून त्यांनी चष्मा चढवला. पहिल्या निवडीला त्यांनी गोदाम घेतलं. दुसऱ्या निवडीला डावीकडचं दार. तिसऱ्या वाक्याला दार मागून बंद झालं, आणि पुढे छापलं होतं: 'तू शीतगृहात अडकला आहेस. उद्या सकाळपर्यंत इकडे कुणी येणार नाही. शेवट.'

सचिवबाईंनी इतिवृत्तात नोंद केली: 'मा. अध्यक्षांना शीतगृहात कोंडण्यात आले.'

"मागे जायचं साहेब," मी घाईघाईने म्हणालो. "बोट ठेवलं असतंत ना आधीच्या पानात..."

"असं पहा," अध्यक्ष चष्मा काढत म्हणाले, "मी एकतीस वर्षं निर्णय घेण्याच्या पदावर आहे. माझा निर्णय चुकला असं आजवर कधीही निष्पन्न झालेलं नाही. आज झालं. याचा अर्थ पुस्तकात काहीतरी दोष आहे." हे ते रागाने म्हणाले नाहीत, हीच तर पंचाईत होती. त्यांना ते मनापासून वाटत होतं. त्यांनी तिथल्या तिथे पर्याय उपसमिती नेमली.

उपसमितीचं पहिलं पत्र महिन्याभराने आलं. पुस्तकातील निवडीच्या तत्त्वाचं समिती स्वागत करते. मात्र मुलांचा गोंधळ टाळण्यासाठी योग्य पर्याय ठळक अक्षरांत छापावा. मी दोन दिवस येरझाऱ्या घातल्या आणि मनाची समजूत काढली. ठळक तर ठळक. शेवट तर गाळायला सांगितले नाहीत ना? मी होकार कळवला.

दुसरं पत्र आलं. ठळक पर्याय असूनही काही मुलं दुसरा पर्याय निवडण्याचा संभव आहे. सबब टाकी, शीतगृह इत्यादी ठिकाणी 'येथे धोका आहे, हे पान वाचू नये' अशी सूचना त्याच पानाच्या शेवटी द्यावी. मला हसू आलं. वाटलं, पान वाचून झाल्यावर ते वाचू नये असं कळलं तर बिघडतं काय? होकार कळवला.

तिसऱ्या पत्रात बोटांचा मुद्दा निघाला. मीच तोंडाने बोलून बसलो होतो ना! मागच्या पानात बोट ठेवून वाचणं ही निष्ठेची बाब आहे की लबाडीची, यावर समितीने तज्ज्ञाचं मत मागवलं. तज्ज्ञाने अकरा पानी मत दिलं. त्यानुसार 'परतीचं बोट' एकच असावं, ते डाव्या हाताची तर्जनी असावं, आणि सलग तीन मिनिटांपेक्षा अधिक काळ पुस्तकात राहू नये. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळा अर्ज. मी हेही पुस्तकाच्या सुरुवातीला छापायला तयार झालो. सूचना कोण वाचतं?

एव्हाना भुंगा रोज विचारू लागली होती, "बाबा, आलं का पुस्तक?" मी म्हणायचो, "येतंय. किरकोळ दुरुस्त्या चालल्यात."

"चुकीचे शेवट आहेत ना सगळे?"

"आहेत गं, आहेत." तेव्हा ते खरोखर होते. थोबाड रंगवलेलं असलं तरी होते.

मग चोराचा विषय आला. माझ्या गोष्टीत घंटा रखवालदाराने नेलेली असते. उपसमितीचं म्हणणं पडलं की त्यामुळे तमाम रखवालदारांच्या भावना दुखावतील. मी चोर बदलला. संगीत शिक्षकाला चोर केलं, तर शिक्षकांचा अपमान. भंगारवाल्याला केलं, तर लघुउद्योगाचा अपमान. गावाबाहेरून आलेल्या माणसाला केलं, तर पाहुण्यांविषयी गैरसमज. शेवटी टेकीला येऊन मी लिहिलं की चोर कोण ते कुणालाच कळलं नाही. त्यावर सचिवबाईंचा फोन आला. "गुन्हेगार मोकाट सुटलाय असं मुलांना सांगणार तुम्ही? पोलीस खात्याला काय वाटेल?"

"मग करू तरी काय बाई?"

"घंटा चोरीला गेलीच नव्हती, असं करा ना. दुरुस्तीला पाठवली होती. पावतीही असेल."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खोटं कशाला बोलू, फोनवर मी "बघतो" म्हणालो, आणि बघता बघता तसं लिहूनही दिलं. तेवढ्यासाठी अडून बसलो असतो तर सगळं पुस्तकच गेलं असतं, असं मी बायकोला समजावलं. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता उरलंय काय त्यात?"

"शेवट उरलेत! सगळे एकवीस!" मी ताडकन म्हणालो.

चोर नसलेल्या रहस्यकथेचे एकवीस शेवट. पण माझं वचन शाबूत होतं, आणि मी त्याला बुडणाऱ्याने फळीला धरावं तसा धरून होतो.

सातवं पत्र जाडजूड होतं. घंटा दुरुस्तीला गेलेली असल्यामुळे, समितीने लिहिलं होतं, सुतारावर आळ घेण्याचं प्रयोजन उरलेलं नाही. शिवाय चुकीचा आळ घेणाऱ्या मुलाला बसायला स्टूल देणं हे चुकीला प्रोत्साहन देणारं आहे. सबब पान सत्तावन्न वगळावं. त्याच न्यायाने टाकी, शीतगृह व अन्य चुकीचे अठरा शेवटही वगळावेत. निवडीचं तत्त्व मात्र कायम ठेवावं. प्रत्येक ठिकाणी मुलाला दोन पर्याय द्यावेत आणि दोन्ही पर्यायांनी त्याला पान चोवीसवर न्यावं. पुस्तकाची एकूण पानं चोवीस.

आता मात्र डोक्यावरून पाणी गेलं. जिने चढून तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. बाकावर बसा म्हणणाऱ्या शिपायाला न जुमानता मी सरळ आत घुसलो. अध्यक्ष आणि सचिवबाई चहा पीत होते.

"नाही काढणार!" मी ओरडलो. "पान सत्तावन्न नाही काढणार! चोर घालवलात, गप्प बसलो. बोटं मोजलीत, गप्प बसलो. पण चुकायची मुभाच काढून घेतलीत तर पोरं शिकणार काय, कप्पाळ? माझी मुलगी सहा महिने तोंड उघडत नव्हती. का? चुकेन म्हणून! या पानाने ती बोलती झाली. मी तिला शब्द दिलाय!"

मला स्वतःचं बोलणं फार आवडलं होतं, हेही कबूल करतो.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता बाहेर काढतील. पण त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "असं पहा," ते म्हणाले, "तुम्ही बोललात ते शंभर टक्के पटलं मला. मीही एक आजोबा आहे. मंडळाला तरी मुलांच्या चुका काढून घेऊन काय करायचंय? आम्ही कुठे ठेवणार त्या? आम्ही जे करतो ते पालकांच्या इच्छेनुसार करतो. पालक हो म्हणाले, तर तुमचे एकवीसच्या एकवीस शेवट मी आज मंजूर करतो. रखवालदारालाही परत चोर करा."

"खरंच?"

"लेखी देतो," असं म्हणून त्यांनी खरोखरच लेखी दिलं, सहीशिक्क्यानिशी. मग सचिवबाईंकडे वळून म्हणाले, "गेल्या सत्रात आपण मतचाचणी घेतली होती ना? तिचा निकाल उघडा."

मंडळाचं हे एक बरं होतं. निष्कर्ष काढून झाल्यावर का होईना, माहिती त्यांच्याकडे असायची. सचिवबाईंनी कपाटातून लाखेने बंद केलेलं पाकीट आणलं. एका शाळेतल्या सर्व पालकांकडून पत्रक भरून घेतलं होतं. प्रश्न एकच होता: आपल्या पाल्यास चुकीचा पर्याय निवडण्याची मुभा असावी का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. खाली कारण लिहायला दोन ओळी.

निम्मे तरी पालक माझ्या बाजूने असतील, मी मनात म्हणत होतो. निम्मे नसले तर चौथाई.

"एकूण पत्रकं चारशे बारा," सचिवबाईंनी वाचलं. "नाही, चारशे बारा. होय, शून्य."

"शून्य?" मी उसळलो. "एकही नाही? अहो, हे शक्यच नाही! कुठली शाळा ही?"

त्यांनी शाळा सांगितली. मी विजयाने टेबलावर हात आपटला. "पकडलं! ही तर आमच्याच भुंगाची शाळा! चारशे बारा आंधळे असतील, पण त्या शाळेत निदान एक डोळस बाप आहे. आमचं पत्रकच तुम्ही मोजलेलं नाही. काढा ते. काढाच आता!"

"मुलीचा वर्ग आणि हजेरी क्रमांक?"

मी तो सांगितला. सचिवबाईंनी गठ्ठ्याला हात लावला नाही. त्यांनी टेबलाचा खण उघडला. "हे आम्ही वेगळं काढून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "सर्वोत्कृष्ट कारण म्हणून."

अक्षर माझं होतं. सही माझी होती. 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण होती आणि ती दोनदा गिरवलेली होती. कारणाच्या दोन ओळी अपुऱ्या पडल्यामुळे मी समासात लिहिलं होतं: 'मुलांना निवड जरूर करू द्यावी, परंतु त्यांच्यासमोर योग्य तेच पर्याय ठेवावेत. वेळ अमूल्य आहे.'

न वाचता सही केली, असं मला आता म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला सगळं लख्ख आठवलं. मी ते वाचलं होतं. चांगली पाच मिनिटं विचार केला होता. त्या आठवड्यात भुंगाने नवीन टूम काढली होती, की रविवारची गणिताची शिकवणी सोडून कोपऱ्यावरच्या सुताराकडे रंधा मारायला शिकायचं. माझ्या गोष्टीतला सुतार तिच्या डोक्यात बसला होता, दुसरं काय! मी तिला प्रेमाने समजावलं होतं की वर्ष फुकट जाईल, आणि तो विषय तिथेच मिटवला होता. पत्रक आलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो रंधा होता. पुस्तक माझ्या मनातही आलं नाही. पुस्तकातली मुलं वेगळी असतात. ही माझी होती.

"असं पहा," अध्यक्ष अगदी हळुवारपणे म्हणाले, "एक जरी होय असता ना, तरी मी तो धरून लढलो असतो. पण शून्याला धरून कसं लढणार?"

मी चोवीस पानांच्या मंजुरीवर सही केली. पुस्तक चोवीस पानी निघालं आणि सगळ्या शाळांच्या कपाटांत गेलं. पहिल्या पानावर, अर्पणपत्रिका असते त्या जागी, ठळक अक्षरांत पत्रकावरची माझीच दोन वाक्यं छापली आहेत, आणि खाली 'एक सुजाण पालक'. प्रकाशक म्हणतो की पालकांना ती फार आवडतात.

भुंगाच्या हातात मी पहिली प्रत दिली तेव्हा तिने पहिल्या निवडीच्या पानात सवयीने बोट घातलं. मग पुढच्या पानात. मग चोवीसवर जाऊन आली, परत फिरली, दुसऱ्या पर्यायाने गेली, पुन्हा चोवीसवर पोहोचली. तिने एकेक करून बोटं काढून घेतली.

"पान सत्तावन्न?" तिने विचारलं.

"मंडळाने काढलं गं," मी म्हणालो. "मी खूप भांडलो. पण पालकांना विचारलं, आणि पालकच नाही म्हणाले."

तिने शेवटचं पान पुन्हा एकदा उलटून पाहिलं. मग म्हणाली, "तो फॉर्म मीच नेऊन दिला होता, बाबा. उघडाच होता. वाचला होता मी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तू विचार करून लिहिलं असशील," ती म्हणाली, आणि पुस्तक नीट मिटून तिने माझ्या हातात दिलं. मला रडू आलं. तिला आलं नाही. रविवारी ती शिकवणीला गेली, न सांगता, वेळेवर.

आता तुम्ही म्हणाल, काय हा बाप! तोंडाने मोठ्या गप्पा मारायच्या आणि पोरीच्या वेळेला शेपूट घालायची. म्हणा, माझी हरकत नाही. मंडळावर हसलात तेव्हाही मी तुमच्यासोबत हसत होतो.

परवा शाळेतून नवं पत्रक आलं. दरवर्षी येतं. भुंगाने ते माझ्यासमोर ठेवलं, शेजारी पेन ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. तोच प्रश्न, तेच दोन चौकोन. मी या खेपेला पाच नाही, चांगली दहा मिनिटं विचार केला. रंधा डोळ्यांसमोर आला. सत्तावन्न नंबरचं पान आलं. पुढच्या वर्षीची परीक्षा आली, शेजाऱ्यांचा मुलगा आला, त्याचे मार्क आले. मग मी पेन उचललं आणि तुम्ही केली असती तीच खूण केली.